सोमवारी दुखणारं पोट

पत्र:

मी ३८ वर्षांची आहे. चिंचवडला राहते, एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. दोन वर्षांपूर्वी आमचा परस्परसंमतीनं घटस्फोट झाला. मुलगा दहा वर्षांचा, पाचवीत आहे. माझ्या नाइट असतात म्हणून वर्षभरापूर्वी आई निफाडहून माझ्याकडे राहायला आली. तिच्याशिवाय माझं घर चालणार नाही. पण ती उठता-बसता मुलाला म्हणते, 'अगदी बापावर गेलाय.' परवा त्यानं मला विचारलं, 'मी बाबांसारखा आहे का?' मला उत्तर देता आलं नाही.

तीन महिन्यांपासून त्याचं पोट दुखतं. सोमवारी सकाळी, शाळेच्या वेळेला. सगळ्याच सोमवारी नाही, महिन्यातून दोनदा. डॉक्टरांनी तपासलं, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. वर्गशिक्षिका म्हणतात, वर्गात लक्ष नसतं. दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी त्याचे बाबा त्याला हडपसरला नेतात. जाताना तो खुशीत असतो, येतानाही. आला की आई त्याला विचारत बसते, काय खाल्लंस, घरी कोण होतं. खरं सांगायचं तर मीही कान देऊन ऐकते. मुलासाठी ठरलेले महिन्याचे ८,००० रुपये कधी वीस तारखेला येतात, कधी येतच नाहीत. मग फोनवर आमची वादावादी होते.

गेल्या महिन्यात मी नाइट करून आले, त्याचा गणिताचा गृहपाठ अर्धवट होता, आणि मी त्याला मारलं. जोरात. नंतर बाथरूममध्ये नळ सोडून रडले. (कधी कधी वाटतं, झोपले की उठूच नये.)

माझा भाऊ म्हणतो, पोराला निफाडला पाठव, भरल्या घरात वाढेल, एकट्या बाईच्या हाताखाली मुलगा वाया जातो. लहानपणी मी वडिलांबरोबर रात्री बॅटरी घेऊन शेताला पाणी द्यायला, दारं धरायला जायचे, त्या घरात मी सुखानं वाढले. माझ्या मुलाच्या वाट्याला मोडकं घर आलं म्हणून त्याचं असं होतंय का? त्याला भावाकडे पाठवू का?

– एक आई, चिंचवड

प्रिय ताई,

तुमचं जवळजवळ सगळं पत्र मुलाबद्दल आहे. स्वतःबद्दल एक ओळ लिहिलीत आणि तीही कंसात टाकलीत. मी आधी त्या ओळीपाशी थांबते.

तुम्ही नर्स आहात, तेव्हा तुम्ही एखाद्या पेशंटला विचाराल तितक्याच सरळपणे विचारते. 'उठूच नये' ही नुसती झोपेची तहान आहे, की जगणंच नकोसं होतं? पाठोपाठच्या नाइटनंतर पहिली गोष्ट अगदी समजण्यासारखी आहे, तिच्याबद्दल पुढे लिहिते. पण दुसरीची जराशी जरी शंका असेल, तर हे पत्र इथंच मिटा आणि १४४१६ हा नंबर फिरवा. ही टेलिमानस नावाची सरकारी हेल्पलाइन आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. स्वतःच्याच रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला अवघड वाटत असेल, कारण तिथं सगळे ओळखीचे, तर दुसरीकडे जा. पण जा. आणि आईला किंवा एखाद्या मैत्रिणीला आजच्या आज सांगा की असं वाटतंय.

'मी पोराचं विचारलं आणि ही माझंच घेऊन बसली' असं तुम्हाला वाटेल. मी पोराचंच सांगते आहे. अमेरिकेत मर्ना वाइसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्यावर उपचार घेणाऱ्या आयांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. त्या अभ्यासात मुलांवर वेगळे उपचार केले जात नव्हते. तरी ज्या आया तीन महिन्यांत सावरल्या त्यांच्या मुलांचे त्रास कमी झाले, आणि ज्या सावरल्या नाहीत त्यांच्या मुलांचे वाढले. आईच्या औषधाचा गुण मुलाला आला. म्हणून तुमची ती कंसातली ओळ मी कंसाबाहेर काढते आहे.

आता पोट. महिन्यातून दोन सोमवारी दुखतं, असं तुम्ही लिहिता. पुढे लिहिता की महिन्यातून दोन रविवारी तो बाबांकडे जातो. ही दोन वाक्यं तुम्ही शेजारी-शेजारी ठेवून बहुतेक वाचली नाहीत. कॅलेंडर काढून गेले तीन महिने ताडून बघा. माझा अंदाज आहे की दुखणारा सोमवार हा बाबांच्या रविवारनंतरचाच सोमवार निघेल.

लगेच 'म्हणजे तिकडेच काहीतरी होतंय' असा निष्कर्ष मात्र काढू नका. तो खुशीत जातो, खुशीत येतो, हे तुम्हीच सांगताय. तिकडे काही खटकतंय का, हे एखाद्या निवांत वेळी, त्याच्याकडे टक लावून न बघता, भाजी निवडताना वगैरे विचारा आणि तो जे सांगेल ते शांतपणे ऐका. पण मला वाटतं, बिघडतं ते दारातून आत आल्यावर. आजी विचारते, घरी कोण होतं. तुम्ही कान देता. दहा वर्षांच्या मुलाला हे सगळं कळतं. बाबांकडे मजा आली असं सांगितलं तर या घरातले दोन चेहरे उतरणार. मजा आली नाही असं सांगितलं तर ते खोटं, आणि बाबांशी बेइमानी. काहीही बोललं तरी कुणीतरी दुखावणार. मग तो गप्प बसतो, आणि जे तोंडानं बोलता येत नाही ते सकाळी पोट बोलतं.

हे दुखणं खरं आहे, ताई. 'नाटक करतो' असं कुणालाही म्हणू देऊ नका. मन आणि आतडी यांना जोडणाऱ्या मज्जातंतूंचं जाळं किती दाट असतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मनावर ताण आला की पोटातल्या साध्या हालचालीही दुखऱ्या वाटतात, आणि मुलांमध्ये हे फार दिसतं. झोपेतून उठवणारं दुखणं, घटणारं वजन, शौचातून रक्त, वारंवार उलट्या किंवा ताप यांपैकी काही दिसलं तर पुन्हा डॉक्टरांकडे न्यालच. नाहीतर पोट शेकायला गरम पाण्याची पिशवी द्या, पाच मिनिटं जवळ बसा, आणि शक्यतो शाळेत पाठवा, थोडा उशीर झाला तरी चालेल. दोन-तीन सोमवार घरी राहिला की शाळेचीच भीती बसते आणि मग मूळ कारण मिटलं तरी ती उरते.

दोन घरांच्या मध्ये सापडलेली मुलं मी खूप पाहिली आहेत. कॅलिफोर्नियात घटस्फोटित पालकांच्या किशोरवयीन मुलांचा एक मोठा अभ्यास झाला होता, १९९१ च्या सुमाराचा. मूल कुणाकडे राहतं यापेक्षा, 'मी दोघांच्या कात्रीत सापडलोय' असं त्याला वाटतं की नाही, यावर त्याची उदासी जास्त अवलंबून दिसली. आईबाप एकमेकांशी भांडत असले आणि मुलाच्या तोंडून निरोप धाडत असले की ती कात्री आणखी आवळते.

पण निरोप्या व्हायला घटस्फोट लागतो असं नाही. हे मी स्वतः भोगलं आहे म्हणून सांगते. मी वाईला एका वाड्यात वाढले. अकरा माणसं, एक स्वयंपाकघर, तुमच्या भावाच्या भाषेत भरलेलं घर. त्या घरात माझी आई आणि काकू तीन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. 'काकूला सांग, दळण आणून ठेवलंय.' 'आईला सांग, मला दिसतंय.' दोघी एकाच ओट्यापाशी उभ्या, मध्ये हातभर अंतर, आणि निरोप पोचवणारी मी, आठ वर्षांची. काकू मला फार आवडायची. तिच्या खोलीतून हसत बाहेर आले की आईचा चेहरा बघून मी हसू गिळायचे. माझं पोट दुखायचं नाही, डोकं दुखायचं. आजी सुंठ उगाळून कपाळाला लावायची. दोष कुणाला देऊ, दोघीही आपापल्या जागी पिचलेल्या होत्या. पण वाडा भरलेला होता म्हणून मी सुखात होते, असं मला म्हणता येत नाही.

तुमचा खरा प्रश्न आहे: घर मोडलं म्हणून असं होतंय का? याचं उत्तर मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून देणार नाही, जे आहे ते सांगते. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मेव्हिस हेदरिंग्टन यांनी जवळजवळ तीस वर्षं घटस्फोटित आणि एकत्र राहणाऱ्या कुटुंबांचा पाठपुरावा केला. त्यांना दिसलं ते असं: घटस्फोटित घरांतल्या सुमारे २५ टक्के मुलांना मोठेपणी गंभीर अडचणी आल्या, एकत्र घरांतल्या सुमारे १० टक्के मुलांना आल्या. हा फरक मोठा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पण याच आकड्याची दुसरी बाजू अशी की घटस्फोटित घरांतली चारांपैकी तीन मुलं नीट मार्गी लागली. शेजारीपाजारी जे 'पोर वाया जाणार' म्हणतात, त्यांना ही तीन मुलं दिसत नाहीत.

याच काळात पॉल अमाटो आणि ब्रूस कीथ या दोघांनी असे बरेच अभ्यास एकत्र करून तपासले, १९९१ साली. त्यात निघालं की आईबाप एकत्र राहतात पण सतत कडाक्याची भांडणं होतात, अशा घरांतल्या मुलांची अवस्था घटस्फोटित घरांतल्या मुलांपेक्षाही वाईट होती. तुमच्या लग्नात काय होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही आणि मी विचारणारही नाही. घरात रोज आग होती तर त्यातून मुलाला बाहेर काढलंत. वरवर सगळं शांत होतं आणि मग अचानक घर तुटलं, तर मुलाला धक्का जास्त बसतो, कारण त्याला कारण सापडत नाही. असं असेल तर त्याला पुन्हा पुन्हा, सोप्या शब्दांत सांगावं लागेल की हे त्याच्यामुळे झालं नाही.

तुम्ही दारं धरल्याचं लिहिलंत, ते वाचून मला एक जुना अभ्यास आठवला. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या आयोवा राज्यात शेतकऱ्यांचे फार हाल झाले. व्याजाचे दर चढले, जमिनीच्या किमती कोसळल्या, कर्जापायी पिढीजात शेतं गेली. रँड काँगर आणि त्यांचे सहकारी १९८९ पासून तिथल्या साडेचारशे कुटुंबांकडे जात राहिले. सातवीतली मुलं असलेली, आईबाप दोघंही असलेली कुटुंबं होती ती, म्हणजे तुमच्या भावाच्या हिशेबात न मोडलेली घरं. पैशाची ओढाताण मुलांपर्यंत पोचते कशी, हे त्यांनी पाहिलं. ती थेट पोचत नाही. आधी बिल थकतं. त्यानं आईबापाचं मन खचतं. मग ते एकमेकांवर चिडतात. मग मुलांवर, कधी अकारण मार, कधी नुसतं दुर्लक्ष. आणि मग मूल कोमेजतं किंवा उद्दाम होतं.

पाटाचं पाणी असंच एका वाफ्यातून दुसऱ्यात उतरतं. फावड्यानं एक दार मोडलं की पाणी पुढे जातं, माती ओढून ते बांधलं की थांबतं. तुमच्या घरात ते पाणी कुठून कुठे वाहतंय, हे तुमच्याच पत्रात लिहिलेलं आहे: थकलेले ८,०००, फोनवरचा वाद, नाइट, अर्धवट गृहपाठ, मुलाला बसलेला मार. घरात माणसं किती आहेत याला मी दुसरं स्थान देते. आधी दारं कुठे बांधायची ते बघू.

पहिलं दार पैशाचं. मुलासमोर त्याच्या वडिलांशी फोनवर पैशाबद्दल एक शब्दही बोलायचा नाही, शेजारच्या खोलीतूनही नाही, चिंचवडच्या फ्लॅटच्या भिंती केवढ्याशा. जे सांगायचं ते लेखी मेसेजमध्ये: अमुक महिन्याचे पैसे आलेले नाहीत, अमुक तारखेपर्यंत पाठवावेत. टोमणा नाही, जुनी उणीदुणी नाहीत. हे मेसेज पुढे कामालाही येतात. परस्परसंमतीच्या हुकूमनाम्यात ही रक्कम लिहिलेली असेल, तर ती न दिल्यास वसुलीसाठी कौटुंबिक न्यायालयात अर्ज करता येतो. वकिलाच्या खर्चाची धास्ती बाळगू नका. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना मोफत विधी सहाय्य मिळतं, त्यांचं उत्पन्न किती हे बघितलं जात नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. शिवाय राज्य सरकारची बालसंगोपन योजना आहे, क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाची, तिच्यात मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात आणि एकल पालकांच्या मुलांचाही विचार होतो. तुमचं प्रकरण तिच्यात बसतं का, हे जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन विचारून घ्या. यात कमीपणा नाही, मुलासाठी आहे ते.

आणि एक गोष्ट कितीही राग आला तरी करू नका. पैसे आले नाहीत म्हणून रविवार बंद करू नका. पैसे हा तुमचा आणि त्यांचा हिशेब, रविवार मुलाचा आहे.

दुसरं दार तुमच्या नाइटचं. नाइट करून सकाळी घरी आलेल्या बाईनं गणित घेऊ नये. इतकं साधं ठरवा आणि घराच्या कॅलेंडरवर लिहा. त्या दिवशी गृहपाठ संध्याकाळी, झोप झाल्यावर, नाहीतर राहू दे, वर्गशिक्षिकांना आधी भेटून सांगून ठेवा की या दिवशी राहील. त्यांना घरची परिस्थिती माहीत नसेल तर 'लक्ष नसतं' यापलीकडे त्यांना काही दिसणार नाही. माहीत झाली तर पुष्कळ शिक्षिका अशा मुलाला पहिल्या बाकावर घेतात, मधल्या सुट्टीत दोन शब्द बोलतात. इनचार्ज सिस्टरशीही बोला. नाइट बंद होणार नाहीत, पण दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी नाइट नको, एवढंच मागा, आणि का ते सांगा. कारण ते दोन रविवार तुम्ही घरी, जाग्या आणि झोप झालेल्या असणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

तिसरं दार आईंचं, आणि हे नाजूक आहे.

आईंवर मला राग नाही, तुम्हीही धरू नका. साठी उलटलेली बाई अंगण, शेत, शेजारणी सोडून तुमच्यासाठी फ्लॅटमध्ये येऊन राहिली आहे. लेकीचा संसार मोडल्याचं दुःख त्यांनाही आहे, आणि ते जावयावर काढावं तर जावई समोर नाही, समोर त्याच्यासारखा दिसणारा नातू आहे. पण त्याच वेळी ही बाई तुमच्या मुलाची सगळ्यात मोठी ठेव आहे. हवाई बेटांतल्या कवाईवर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी कित्येक दशकं मागोवा घेतला. गरिबी, भांडणं, आजारी पालक अशा कठीण परिस्थितीत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश तरीही खंबीर, प्रेमळ माणसं झाली. त्यांच्यात जे समान निघालं त्यात एक गोष्ट ठळक होती: निदान एका मोठ्या माणसाचा भक्कम आधार. आणि ते माणूस पुष्कळदा आजी किंवा आजोबा होते.

तेव्हा आईंना गप्प करायचं नाही, त्यांना सोबत घ्यायचं. मूल झोपल्यावर, चहा करून, हात धरून बोला. मी असं म्हणेन: 'आई, तू आलीस म्हणून मी उभी आहे. तुझा राग मला कळतो, तो माझ्याजवळ काढ, हवं तितका. पण त्याच्यासमोर नको. त्याचं नाक, त्याचे डोळे बापाचे आहेत, ते त्याच्याच चेहऱ्यावर आहेत. बापाला नाव ठेवलं की त्याला आरशात बघायची चोरी होते.' आई एका दिवसात बदलणार नाहीत. तोंडातून निघून जाईल. तेव्हा त्यांना तिथल्या तिथे, मुलादेखत टोकू नका, कारण मग तो तुम्हा दोघींच्याही कात्रीत जाईल. नंतर आठवण करून द्या. आणि त्यांना संध्याकाळी घटकाभर खाली सोसायटीच्या कट्ट्यावर, भजनी मंडळात, कुठेतरी जाऊ द्या. वर्षभर त्या चार भिंतींत आहेत, त्यांच्या जिवालाही वारा लागू दे.

भावाकडे पाठवायचं का? माझं उत्तर नाही, निदान आत्ता तरी नाही. भावाची माया मी जाणते. पण मुलानं दोन वर्षांपूर्वी बाबांबरोबरचं रोजचं राहणं गमावलं. आता आई, शाळा, मित्र आणि ते दोन रविवारही गमावले तर तो एकच अर्थ काढेल, की मी नीट वागलो नाही म्हणून मला पाठवलं. आणि भेटीचे रविवार संमतीपत्रात लिहिलेले असतील, तर त्याला परस्पर निफाडला हलवणं कायद्यानंही अडचणीचं होईल. सुट्टीत मात्र जरूर पाठवा. दिवाळीत, मे महिन्यात, मामेभावंडांबरोबर शेतात लोळू दे. मामाला सांगा, भाचा वाया जाऊ नये असं वाटतं ना, मग नाइटच्या दिवशी रात्री आठला त्याला दहा मिनिटं फोन कर, द्राक्षांच्या गप्पा मार. एवढ्यानंही घर भरतं.

मारलंत त्याबद्दल. तुम्ही त्याची माफी मागितलीत का, हे पत्रात नाही. नसेल मागितली तर अजूनही उशीर झालेला नाही. 'त्या दिवशी मी तुला मारलं. ते चुकलं. मी थकले होते, पण थकले म्हणून मारायचं नसतं. तुझी चूक नव्हती.' बस, एवढंच. त्याच्यापुढे रडू नका, त्याला तुमची समजूत काढायला लागू नये. आईनं माफी मागितली तर तिचा धाक जाईल, असं आपल्याकडे मानतात. मला उलटं दिसलं आहे, माफी मागणाऱ्या आईला मूल खरं सांगू लागतं. एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या संशोधकानं १९७० च्या दशकात आया आणि तान्ह्या बाळांवर प्रयोग केले. आई काही क्षण निर्विकार चेहऱ्यानं बसली की बाळ कासावीस व्हायचं. पण आई पुन्हा हसून बोलू लागली की दोघं पुन्हा जुळून घ्यायची. त्यांनी पुढे आयुष्यभर हेच सांगितलं की आई-बाळाचे सूर बऱ्याचदा चुकतच असतात, बाळ वाढतं ते चुकलेलं पुन्हा जुळवण्यात. तुमचा सूर चुकला आहे, तो जुळवता येतो. हात पुन्हा उठेल असं वाटलं की खोलीबाहेर जा. नळ सोडायला हरकत नाही, पण आधी.

आणि त्यानं विचारलं होतं, 'मी बाबांसारखा आहे का?' त्याला तुमच्याकडून उत्तर हवं आहे. उद्याच द्या. 'हो, आहेस. तुझे डोळे बाबांचे, तुझं हसणंही. बाबांसारखं तुला...' आणि इथं एखादी खरी, चांगली गोष्ट सांगा. तुम्ही त्या माणसाशी एके काळी संसार मांडला होता, एखादी गोष्ट नक्की असेल. त्यांना सायकल दुरुस्त करता येते, गाणं येतं, अनोळखी माणसाशी पटकन बोलता येतं, जे असेल ते. मग, 'आणि माझ्यासारखा तू इथे आहेस, हट्टी, आणि आजीसारखा इथे.' तुमच्यासाठी हे बोलणं कठीण जाईल, घशात येईल. आधी एकट्यानं दोनदा म्हणून बघा.

येत्या बाबांच्या रविवारी तो परत आला की दार तुम्ही उघडा. आजींना तेवढा वेळ स्वयंपाकघरात असू द्या. घरी कोण होतं, काय खाल्लं, काही विचारू नका. त्याची पिशवी हातात घ्या, 'मजा केलीस ना, छान' म्हणा, आणि म्हणताना चेहरा उतरू देऊ नका. त्याला काही सांगावंसं वाटलं तर ऐका, नाही वाटलं तर राहू दे. मग जेवण, उद्याचं दप्तर, झोप. सोमवारी सकाळी पोट दुखलं तर तारखेपुढे एक खूण करा, नाही दुखलं तर तेही लिहा. हे लगेच थांबणार नाही, चार-पाच रविवार जातील. तीन महिन्यांत काहीच फरक पडला नाही, किंवा त्याआधीच तो जेवेनासा, बोलेनासा झाला, तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा, शाळेत समुपदेशक असतील तर तिथून सुरुवात करा.

त्या खुणा मला पाठवा. आणि पुढच्या पत्रात पहिल्याच ओळीत तुमच्या झोपेचं लिहा, कंस न घालता.

तुमची,
सदरलेखिका